‘माणूस’मधील काळोख आणि आमचे दोन निवाडे

गतवर्षी गणेशोत्सवात धरमपुरी येथील काही मराठी कुटुंबांनी प्रभातचा ‘माणूस’ हा चित्रपट दाखविला. नर्मदेच्या उत्तर तीरावरील हे गाव धार जिल्ह्यात मोडते. पवारांच्या संस्थानाबरोबर जी मराठी घराणी या प्रदेशात आली, त्यांपैकी काहींची मुळे अद्यापि येथे टिकून आहेत. घरात मराठी, ओट्यावर निमाडी आणि कचेरीत हिंदी अशी त्यांची रहाटी. आमची थोरली बहीण याच गावी दिली असल्याने उत्सवाचे आमंत्रण आम्हांस दरवर्षी असते, आणि वकिली व्यवसायातून एक दिवस चोरून आम्ही धारेहून तेथे जातो. वाड्याच्या चौकात पांढरी चादर ताणली होती. भाड्याने आणलेल्या प्रोजेक्टरला लॅपटॉप जोडला होता. आरती आटोपल्यावर चित्रपट सुरू झाला.

चित्रपट संपेपर्यंत आमचा पुरता विरस झाला होता. ‘माणूस’ (1939) हा शांतारामबापूंचा चित्रपट छायालेखनासाठी वाखाणला जातो, हे आम्ही विद्यार्थिदशेपासून ऐकत आलो. पोलीस शिपाई गणपत आणि वेश्यावस्तीतील मैना यांची गाठ पडते ती रात्रीच्या काळोखात. परंतु चादरीवर जे दिसले त्यास काळोख म्हणणे कठीण होते. राखेत पाणी ओतावे तसा एक मळकट करडेपणा सर्वत्र पसरला होता. सावली आणि भिंत यांत भेद नव्हता. दिव्याचा उजेडही मलूल होता. बहिणीच्या सासूबाईंनी हा चित्रपट तरुणपणी इंदुरास पुनःप्रदर्शनात पाहिला होता. त्या मध्येच म्हणाल्या, “त्यातला अंधार इतका उजेडाचा नव्हता रे.” आम्ही मान डोलावली, आणि वृद्धांच्या स्मृतीत सर्वच गोष्टी गडद होत जातात असा मनाशी विचार करून ती साक्ष फेटाळली. पुढे स्थानिक मंडळाच्या स्मरणिकेसाठी चार पृष्ठांचा मजकूर मागण्यात आला तेव्हा आम्ही त्यात लिहून टाकले की, चित्रपटाचा आशय थोर असला तरी त्याचे छायालेखन काळाच्या कसोटीस उतरत नाही, व्ही. अवधूत यांच्या कॅमेऱ्याची कीर्ती बव्हंशी ऐकीव दिसते. हा आमचा पहिला निवाडा.

दुसरा निवाडा दिवाळीच्या सुटीत झाला. त्याच घरी, तीच चित्रपटाची फाइल, या वेळी दिवाणखान्यातील मोठ्या दूरचित्रवाणी संचावर लावली. संचाला एक लहानशी पेटी जोडलेली होती व फाइल तिच्यातून चालत होती. आता काळोख असा उतरला की पाहत राहावे! शाईच्या दौतीत बुडवून काढल्यागत गल्ल्या, आणि त्यांतून चुन्यासारखे पांढरेफेक उजळून येणारे चेहरे. आम्ही उत्साहाने उद्गारलो की, हाच तो जर्मन वळणाचा प्रकाश. गणेशोत्सवातील प्रतीवरून आपण अन्याय केला. गणपतचा गणवेश काळोखात पूर्णपणे विरघळून जातो आणि केवळ मुद्रा तेवढी तरंगत राहते, यात आम्हांस कवित्वही दिसले. त्यावर एक सविस्तर लेख लिहिण्याचा संकल्पही केला.

इंदुरास अभियांत्रिकी शिकणारा आमचा भाचा तेथे बसला होता. तो काही वेळ मुकाट ऐकत राहिला आणि मग आपल्या मोबाइलवर तेच दृश्य लावून त्याने आमच्या हाती दिले. “मामा, यात गणवेशाच्या गुंड्या दिसतात बघा,” तो म्हणाला. खरोखरच दिसत होत्या. गणवेश काळा नव्हता. त्याला पोत होता, घडी होती, खांद्यापाशी उजेडाची एक कड होती. पाठीमागची भिंतही अदृश्य नव्हती. तरीही रात्र ही रात्रच होती. गणेशोत्सवातील राख तिच्यात कोठेही नव्हती. एकच फाइल, तीन यंत्रे आणि तीन चित्रपट. त्यांपैकी दोहोंवर आम्ही निकाल देऊन बसलो होतो, एकाची निंदा करून आणि दुसऱ्याची स्तुती करून. आणि दोन्ही वेळी आरोपी गैरहजर होता.

हे घडते कसे ते समजून घेण्यात आम्ही पुढील काही रविवार घालविले. विषय यंत्राचा असला तरी त्याचे मर्म कायद्याच्या विद्यार्थ्यास परके वाटू नये असे आहे. चित्रातील प्रत्येक ठिपक्याची उजळता एका अंकाने नोंदलेली असते. प्रचलित आठ बिटांच्या नोंदीत 0 ते 255 असे 256 अंक मिळतात. संगणकाच्या रिवाजाप्रमाणे 0 म्हणजे निखळ काळा व 255 म्हणजे निखळ पांढरा. दूरचित्रवाणीचा रिवाज निराळा आहे. 1982 साली सीसीआयआर या आंतरराष्ट्रीय समितीने 601 क्रमांकाची जी शिफारस संमत केली तीत काळा 16 वर व पांढरा 235 वर बसविला आहे. पुढे अधिक रेखीव चित्रांसाठी आलेल्या 709 क्रमांकाच्या शिफारशीनेही तोच पायंडा पाळला. खालचे व वरचे अंक मोकळे सोडण्याचे कारण असे की, विद्युत्‌संकेत निरनिराळ्या मंडलांतून जाताना क्षणमात्र उसळी घेतो किंवा खाली बुडतो, आणि ही उसळी कापली जाऊ नये म्हणून कागदाला समास ठेवावा तसा दोन्ही बाजूंस समास ठेवला. पहिल्या रिवाजाला यंत्रांच्या यादीत ‘फुल’ व दुसऱ्याला ‘लिमिटेड’ म्हणतात. आम्ही पूर्ण पल्ला व मर्यादित पल्ला म्हणू.

दोन्ही रिवाज आपापल्या ठायी निर्दोष आहेत. अडचण उद्भवते ती दस्तऐवज एका मापात लिहिला जाऊन दुसऱ्या मापात वाचला गेल्यास. आमच्या भागात जमिनीचे जुने कागद बिघ्यांत असतात, आणि बिघा हे माप प्रांतोप्रांती निराळे आहे. खरेदीखतातील प्रत्येक अक्षर खरे, साक्षीदार खरे, सही खरी. तरी वाचणाऱ्याने माप दुसरे धरले की बांध शेजाऱ्याच्या विहिरीत जातो. चित्राचेही असेच होते. मर्यादित पल्ल्यात लिहिलेला 16 हा अंक पूर्ण पल्ल्याच्या यंत्राने जशाचा तसा वाचला तर काळा हा काळा राहत नाही, धुरकट होतो, आणि 235 चा पांढरा मलूल होतो. उलटपक्षी, आधीच पूर्ण पल्ल्यात उलगडलेले चित्र मर्यादित समजून पुन्हा ताणले तर 16 च्या खालचे सर्व काही काळ्यात बुडते आणि 235 च्या वरचे सर्व काही पांढऱ्यात जळते. गणेशोत्सवात पहिला अपघात झाला होता आणि दिवाळीत दुसरा.

फाइलीत हे माप नमूद करण्यासाठी एक खूण असते. आमच्या फाइलीत ती नव्हती. अशा वेळी यंत्रे गृहीतकावर चालतात. खूण नसल्यास पल्ला मर्यादित मानावा, असा सामान्य संकेत आहे. न्यायशास्त्रात ज्याला खंडनीय गृहीतक म्हणतात, तसे हे आहे, फक्त येथे खंडन करण्यास कोणी पुढे येत नाही. मोबाइलने गृहीतक बरोबर लावले, चित्र उलगडले आणि आपल्याच पडद्यावर दाखविले. मध्ये दुसरा कोणी नव्हता म्हणून तेथे घोटाळा झाला नाही. लॅपटॉपनेही फाइल बरोबर उलगडली होती. परंतु तारेच्या दुसऱ्या टोकाला दूरचित्रवाणीसारखा संच आहे असे मानून त्याने चित्र पुन्हा मर्यादित पल्ल्यात आवळून पाठविले, आणि प्रोजेक्टर पूर्ण पल्ल्याची वाट पाहत बसलेला. दिवाणखान्यात याच्या नेमके उलट. पेटी पूर्ण पल्ला पाठवीत होती, आणि संचावर मर्यादित पल्ला कोणी तरी कायमचा कुलूपबंद करून ठेवला होता. दोन्ही ठिकाणी प्रत्येक यंत्र आपापल्या समजुतीने प्रामाणिकपणेच वागले. दोष होता तो दोघांमधील पत्रव्यवहारात.

येथे व्यवहाराच्या दोन गोष्टी सांगणे अगत्याचे आहे, कारण अशा वेळी प्रत्येक जण करतो तीच चूक आम्हीही केली होती. चित्र धुरकट दिसताच हात उजळतेच्या खुंटीकडे जातो. उजळता कमी केली की काळा काळा होतो खरा, पण पांढरा अधिकच मलूल होतो; मग गडदपणा वाढवावा, मग रंग वाढवावे, आणि अखेरीस मूळ चूक तशीच राहून तिच्यावर चार नव्या चुकांची पुटे चढतात. दुसऱ्या दिवशी त्याच संचावर बातम्या लावाव्यात तर निवेदकाचा चेहरा भाजलेल्या वांग्यासारखा. म्हणून प्रथम खुंट्यांना हात न लावता माप कोठे बदलते ते शोधावे. तेच दृश्य, तीच फाइल प्रत्येक यंत्रावर लावून पाहावी. एका ठिकाणी बरोबर आणि दुसऱ्या ठिकाणी चूक दिसल्यास फाइल निर्दोष आहे असे बहुधा समजावे. सर्व ठिकाणी सारखीच चूक दिसल्यास फाइलीवर संशय घ्यावा.

जुने चित्रपट पाहणाऱ्यांना तर एक पुरावा चित्रातच मिळतो. त्या काळची चौकट आजच्या पडद्यापेक्षा अरुंद, म्हणून दोन्ही बाजूंस काळ्या पट्ट्या येतात. या पट्ट्या फाइलीतच भरलेल्या असल्या तर त्या चित्राच्या मापानेच लिहिलेल्या असतात. संचाची स्वतःची यादी पडद्यावर आणावी. तिच्यातील काळ्याशी या पट्ट्या ताडून पाहाव्यात. पट्ट्या राखाडी दिसल्या तर मर्यादित पल्ला पूर्ण म्हणून वाचला जात आहे. चादरीवर आम्ही दोन तास त्या राखाडी पट्ट्या पाहत होतो, पण पट्ट्यांकडे कोण लक्ष देतो? उलट बाजूची चूक ओळखणे अधिक अवघड, कारण बुडालेला काळा डोळ्यांना गोड वाटतो. तेथे केस, काळी वस्त्रे आणि सावलीतील भिंती पाहाव्यात. त्यांत पोत दिसत नसेल तर सावध व्हावे. तपासणीसाठी मुद्दाम केलेले नमुनेही मिळतात. त्यांत काळ्याहून किंचित कमी, काळा आणि काळ्याहून किंचित उजळ अशा पट्ट्या शेजारी शेजारी असतात. शेवटची तेवढी जेमतेम दिसावी, पहिल्या दोहोंत भेद दिसू नये. निदान झाल्यावर उपाय सोपा आहे. पाठविणाऱ्या आणि घेणाऱ्या अशा दोन्ही यंत्रांवर पल्ल्याची नोंद असते. संचांवर ती ‘एचडीएमआय ब्लॅक लेव्हल’ किंवा तत्सम नावाने दडलेली असते, लॅपटॉपवर चित्रकार्डाच्या यादीत. दोहोंवर एकच माप ठेवावे आणि एका वेळी एकच नोंद बदलावी. ‘ऑटो’ या शब्दावर विसंबू नये. ‘ऑटो’ म्हणजे यंत्राने केलेला तर्क होय. भाच्याने पेटीची नोंद मर्यादित केली आणि संचावर गणपतच्या गुंड्या परत आल्या. या दुरुस्तीस एक मिनिट पुरले. आमच्या दोन निवाड्यांस दोन महिने लागले होते.

आता मूळ चित्रपटाकडे वळतो, कारण खटला त्याचा आहे. शरच्चंद्रांच्या ‘देवदास’वरून निघालेल्या 1935 च्या चित्रपटाने प्रेमभंगाच्या दुःखात विरघळून जाण्याची जी टूम रूढ केली, तिला ‘माणूस’ हे उत्तर होते असे मानतात, आणि ते योग्यच आहे. मैनेला आपल्या घरात आणू पाहणारा गणपत हरतो, कोसळतो, आणि तरी कामावर परत जातो. हा विचार शब्दांत आहे त्याहून अधिक उजेडात मांडला आहे. एकीकडे मैनेची रात्र, दुसरीकडे गणपतच्या आईचे देवाधर्माचे घर. चादरीवर या दोन्ही जगांना एकच राखेचा रंग चढला होता, त्यामुळे मैनेला त्या घरी जाताना कशाचे भय वाटते ते आम्हांस कळलेच नाही. आम्ही त्यास पटकथेचा सैलपणा समजलो. दिवाळीत उलट झाले. रात्र शाईची आणि घर चुन्याचे, म्हणजे पाप आणि पुण्य यांची सरळ वाटणी. ती वाटणी पाहून आम्ही प्रभावित झालो, परंतु ती अवधूतांची नव्हे, संचाची होती. बरोबर पल्ल्यात पाहिले असता ध्यानात येते की, या चित्रपटाचा जीव मधल्या छटांत आहे. शिपायाचा गणवेश रात्रीत विरघळत नाही, तो रात्रीत उभा राहतो. मैनेचा चेहरा उजेडात येतो तेव्हा त्यावर सावलीचा अंश शिल्लक राहतो. माणसाचे मन या दोहोंच्या मध्ये कोठे तरी घुटमळत असते, आणि कॅमेरा त्या घुटमळण्याला जागा देतो. ही जागा फार थोड्या अंकांत मावलेली आहे. त्यांतील खालचे अंक छाटले की गणपतचा संशय छाटला जातो. हे आम्ही पूर्वी म्हटले असते तर वाचकांनी अतिशयोक्ती समजून सोडून दिले असते, आणि आम्हीही.

यावर एक आक्षेप येईल, आणि तो क्षुल्लक नाही. तंबूतल्या सिनेमात, कार्बनच्या काड्यांच्या थरथरत्या प्रकाशात, विटलेल्या पडद्यावर ज्यांनी ‘माणूस’ पाहिला, त्यांनी तरी अवधूतांचा काळा कोठे पाहिला? प्रत्येक खेळ निराळा, प्रत्येक प्रत निराळी. मग आज 16 आणि 0 यांचा एवढा ऊहापोह कशासाठी? आमचे उत्तर असे की, मंद दिवा ही परिस्थिती आहे, आणि चुकीचे माप हे चुकीचे वाचन आहे. मंद दिव्याखालीही पोथीतील अक्षरे तीच राहतात. शिवाय त्या काळी मूळ निगेटिव्ह तरी कोठे तरी होते, आणि शंका आल्यास त्याकडे जाता येत होते. 8 जानेवारी 2003 रोजी पुण्यात, प्रभातच्याच जुन्या आवारातील भांडारात, आग लागून नायट्रेट फिल्मचा मोठा साठा जळाला आणि त्यात प्रभातचा वारसाही गेला. अशा हानीनंतर प्रतींच्या प्रती हाच आपला आधार. तो आधार वाचतानाही माप चुकविणे म्हणजे उरलेला कागदही ओला करणे.

प्रभातला तर हा अनुभव जन्मापासूनच होता. ‘सैरंध्री’ रंगीत करण्यासाठी 1933 साली शांतारामबापू जर्मनीस गेले. काम कोल्हापूरचे, रंग उतरविणारी यंत्रे परमुलुखातील, आणि रंग मनासारखे उतरले नाहीत. आपण घडविलेले चित्र दुसऱ्याच्या यंत्रात काय होऊन बाहेर येईल याची हुरहूर त्या मंडळींना तेव्हाच लागली असेल. आमच्या कोंकणी वाचकांसही ही बाब दूरची नाही. ‘आमचें नशीब’ (1963) आणि ‘निर्मोण’ (1966) हे कृष्णधवल चित्रपट गोव्यात व मुंबईत आजही घरोघर पाहिले जातात ते बहुधा लहानमोठ्या पडद्यांवरच. त्यांतील एखादे दृश्य फिकट वाटल्यास छायाचित्रकाराला दोष देण्यापूर्वी बाजूच्या काळ्या पट्ट्यांकडे एकवार पाहावे, एवढीच विनंती.

कौटुंबिक चित्रणाच्या बाबतीत मात्र प्रकरण याहून कठोर होऊ शकते, आणि त्याचे उदाहरणही त्याच घरी मिळाले. सरदार सरोवर 2019 साली प्रथमच पूर्ण पातळीपर्यंत भरले. तत्पूर्वीच्या नर्मदेचे, संध्याकाळी काठावरून घेतलेले एक चित्रण बहिणीच्या मोबाइलमध्ये होते. पाण्यात सोडलेले दिवे, पलीकडे काळसर काठ, आणि पायऱ्यांवर बसलेले आमचे कैलासवासी मेहुणे. मोबाइलने ते पूर्ण पल्ल्यात नोंदविले होते. कोणी तरी आप्तेष्टांस पाठविण्यासाठी त्याचे रूपांतर केले. रूपांतर करणाऱ्या योजनेने पल्ला मर्यादित समजून खालचे अंक काळ्यात ढकलले, आणि तसेच नव्या फाइलीत लिहून टाकले. येथे भाच्याने पुष्कळ खटाटोप केला. केवळ खूण चुकली असती तर खूण बदलून भागले असते, कारण अंक जागच्या जागी असतात. तो दोष अपिलात दुरुस्त होणारा. परंतु येथे अंकच छाटले गेले होते. दिवे दिसतात, पाणी दिसते. पायऱ्यांवरची आकृती काळ्या काठात मिसळून गेली आहे. मूळ चित्रण जुन्या मोबाइलबरोबर भंगारात गेले. बहीण ते चित्रण अजून पाहते, आणि मेहुणे कोठे बसले होते ते बोट ठेवून दाखविते.

तेव्हापासून त्या घरी नियम झाला आहे की, मूळ फाइल कोणीही बदलावयाची नाही. जे बदलावयाचे ते यंत्राच्या यादीत. स्मरणिकेच्या संपादकांस आम्ही पत्र लिहून व्ही. अवधूत यांच्याविषयीची ती वाक्ये मागे घेतली आहेत, आणि पुढील अंकात तसा खुलासा छापण्याचे त्यांनी मान्य केले आहे. यंदाच्या उत्सवात ‘माणूस’ पुन्हा लावावयाचे ठरले आहे. प्रोजेक्टर भाड्याने आणण्याच्या आदल्या दिवशीच तपासून पाहण्याचे काम भाच्याकडे, आणि काळोख पुरेसा काळा आहे की नाही हे सांगण्याचे त्याच्या आजीकडे.